सारण बाहेर आले तेव्हा : एका कढईतल्या कोंबडीचा इतिहास

१/
कोंबडीचे तुकडे, कांदा, वाळवलेल्या पावाचे तुकडे आणि झाकणाची एक पसरट कढई. एवढ्या सामग्रीत गॅसवर अर्ध्या तासात चौघांचे जेवण होते. अमेरिकेत घरोघरी रुळलेला हा पदार्थ आज आपल्याकडेही होऊ लागला आहे. त्यातला पाव म्हणजे मुळात पक्ष्याच्या पोटात भरायचे सारण. ते पोटातून निघून कढईत कसे उतरले, याचा हा धागा. वाट रोमहून तेर, कल्याणी आणि मोगल मुदपाकखान्यातून नांदेड-लातूरच्या चुलीपर्यंत येते.

२/
आधी सारणाचे तत्त्व समजून घेऊ. मांस शिजताना त्यातून रस आणि चरबी सुटते. जवळ धान्य किंवा पाव असेल, तर तो रस वाया न जाता त्यात मुरतो. थोड्या मांसात अधिक माणसे जेवतात आणि धान्यालाही मांसाची चव येते. पण सारण पोटात भरले की उष्णता आधी मांस भेदून मग मध्यापर्यंत पोहोचावी लागते. त्यासाठी वेळ हवा, सरपण हवे आणि राबणारे हात हवेत. पुढचा सारा इतिहास या तीन गोष्टींचा आहे.

३/
भरलेल्या कोंबडीची एक जुनी लेखी कृती ‘एपिसियस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकग्रंथात आहे. कोंबडी मानेच्या बाजूने साफ करायची. कुटलेले मांस, शिजवलेले भरडलेले गहू, अंडी, मिरी, सुंठ आणि चिलगोज्यासारख्या बिया एकत्र करून आत भरायच्या. भरताना थोडी जागा मोकळी ठेवायची, कारण शिजताना सारण फुगते. ही बारीक सूचना एखाद्या अनुभवी आचाऱ्याचीच असणार.

४/
या कृतीतली मिरी भारतातून जात असे. त्या व्यापाराच्या नकाशावर आपला प्रदेशही होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर या दख्खनच्या दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो. तगर म्हणजे लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. मिरी मलबारची होती. तगरहून जात असे ते कापड, गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे. रोमन श्रीमंताच्या ताटात आपली मिरी आणि अंगावर आपले कापड, असा तो काळ होता.

५/
आता बाराव्या शतकात येऊ. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी आजच्या बसवकल्याणला, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतच होती. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे याच राजवटीची आठवण सांगतात. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात राजाच्या जेवणाचे तपशीलवार वर्णन आहे. आतड्यात मसाला घातलेली मज्जा भरून ती निखाऱ्यावर भाजण्याची कृती त्यात सापडते. सारण भरण्याची विद्या दख्खनच्या राजवाड्यात नऊशे वर्षांपूर्वी चांगलीच मुरलेली होती.

६/
त्याच ग्रंथात आणखी एक मौल्यवान नोंद आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे सोमेश्वर सांगतो. म्हणजे राजाच्या ताटातला पदार्थ कृतीसह नोंदला गेला, आणि सामान्य घरातील स्त्रीचे गाणे नोंदले गेले. ते गाणे गात तिने जे कांडले, त्याचे पुढे तिच्या चुलीवर काय झाले, ते मात्र लिहिले गेले नाही. पाककलेचा लेखी इतिहास वाचताना ही उणीव सतत लक्षात ठेवावी लागते.

७/
कोंबडीच्या बाबतीत ही उणीव अधिक खोल आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य असलेल्या प्राण्यांत गावकोंबड्याचे नाव आहे. ग्रंथ लिहिणाऱ्या वर्गाला निषिद्ध असलेला पक्षी गावकुसाच्या आतबाहेर अनेक घरांत पाळला जात होता, देवाला दिला जात होता, पाहुण्यासाठी कापला जात होता. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांच्या घरी कोंबडी नव्हती; ज्यांच्या अंगणात कोंबडी होती, त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

८/
मोगल दरबारात लेखणी आणि कोंबडी एकत्र आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची सामग्री वजनासह दिली. त्यात ‘मुसम्मन’ आहे : कोंबडी अखंड ठेवून मानेवाटे तिची सगळी हाडे काढायची, अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पाच अंडी, पाव शेर कांदा, शिवाय धने, आले, मीठ, मिरी आणि केशर. मान, खिमा, अंडी, मिरी... रोमन कृतीशी असलेले साम्य थक्क करणारे आहे. मात्र त्यावरून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे ठरत नाही. अखंड पक्षी भरायचा तर मानेची वाट कोणत्याही कुशल हाताला सुचू शकते.

९/
हाडे काढलेली कोंबडी आणि खिम्याच्याच तोलाचे तूप ही दरबाराची चैन. तो दरबार नांदेडपासून दूर राहिला नाही. १६३६ साली शहाजहानने दख्खनची सुभेदारी औरंगजेबाकडे सोपवली, तेव्हा चार सुभ्यांपैकी तेलंगण सुभ्याचे ठाणे नांदेड होते आणि त्याचा मुख्य किल्ला कंधार. पुढे १७२४ पासून १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला. मुसम्मनच्याच कुळातील मुर्ग मुसल्लम, बिर्याणी, तहारी, दालचा हे शब्द इथल्या मराठी-दखनी बोलीत सहज रुळले, ते या सहवासातून.

१०/
या यादीतील तहारी आपल्या विषयाच्या जवळची आहे. मुसल्लममध्ये सारण मांसाच्या पोटात असते. तहारीत मांस आणि तांदूळ एकाच पातेल्यात शेजारी शेजारी शिजतात. रस तोच, मुरणे तेच. फक्त पोट शिवण्याचा खटाटोप गेला. दावतीच्या पदार्थातून रोजच्या घराने नेमके तत्त्व उचलले आणि थाट सोडून दिला.

११/
मराठवाड्यातील शेतकरी घराचे उत्तर याहून साधे होते. कोंबडीचा किंवा मटणाचा पातळ जाळ रस्सा आणि त्यात चुरलेली ज्वारीची भाकरी. घरात माणसे आठ आणि कोंबडी एक, हे गणित रस्सा आणि भाकरीच सोडवू शकत. कालची शिळी भाकरी तर रस अधिक शोषते. सारणाचे तत्त्व इथे ताटातच पार पडते. त्याला कोणी पाकग्रंथात नाव दिले नाही. लोक म्हणतात, ‘चुरून खाणे’.

१२/
याच घरांनी आणखी एक युक्ती सिद्ध केली : येसर. धान्य आणि डाळ भाजून, मसाल्यांसह दळून केलेले हे कोरडे पीठ डब्यात टिकते. लग्नकार्याच्या आधी बायका एकत्र बसून ते मोठ्या प्रमाणावर करीत. ऐन वेळी फोडणी, पाणी आणि मूठभर येसर. आमटी दाट आणि चवदार होते. भाजण्या-दळण्याचे लांबलचक काम आधी उरकून ठेवायचे आणि चुलीपाशी वेळ वाचवायचा, ही कल्पना मराठवाड्याला कोणत्याही कंपनीने शिकवलेली नाही.

१३/
आता हीच कल्पना कंपनीच्या प्रयोगशाळेत पाहू. रूथ सीम्स या गृहविज्ञान शिकलेल्या संशोधिका अमेरिकेतील जनरल फूड्समध्ये काम करीत होत्या. सहकाऱ्यांसह त्यांनी कोरड्या पावाच्या चुऱ्याचे असे मिश्रण तयार केले, जे गरम पाण्यात काही मिनिटांत सारण होते. मर्म चुऱ्याच्या आकारात होते : फार बारीक असेल तर लगदा होतो, फार मोठा असेल तर पाणी आतपर्यंत शिरत नाही. ‘स्टोव्ह टॉप’ नावाने ते १९७२ साली बाजारात आले आणि १९७५ साली पेटंट मिळाले, त्यावर सीम्स यांचे नाव आहे. भर दुपारपासून भट्टीत ठेवायचा पक्षी आता अनिवार्य राहिला नाही. सारण शेगडीवर आले.

१४/
त्याच १९७२ साली मराठवाडा भीषण दुष्काळात होता. माणसे रोजगारासाठी खडी फोडीत होती, सुकडीवर दिवस काढीत होती, आणि परदेशातून आलेल्या लाल ‘मिलो’ ज्वारीची भाकरी खात होती. एकीकडे वेळ वाचावा म्हणून पावाचा चुरा खोक्यात भरला जात होता, दुसरीकडे भाकरीचा चुरा सांडू नये म्हणून ताट पुसून खाल्ले जात होते. दोन्हीकडे चुऱ्याला मोल होते. मोलाची कारणे मात्र फार वेगळी होती.

१५/
मग ‘झटपट कोंबडी’ आपल्याकडे कशाने शक्य झाली? दोन बदलांनी. पहिला इंधनाचा. भारतात स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार १९५५ नंतर मुंबईपासून सुरू झाला. मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत तो पोहोचायला काही दशके गेली. तोवर तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि रॉकेलचा स्टोव्ह. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हाही देशातील कोट्यवधी घरांत चूलच पेटत होती. आच हवी तेव्हा मोठी आणि हवी तेव्हा मंद करता येणे, ही एका कढईच्या जेवणाची पहिली अट आहे. सरपणाच्या चुलीवर त्यासाठी कोणीतरी सतत धुरात बसावे लागते.

१६/
दुसरा बदल पक्ष्याचा. गावरान कोंबडी अंगणात फिरते, सावकाश वाढते. तिचे मांस घट्ट असते आणि शिजायला वेळ घेते. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत तयार होतो आणि त्याचे तुकडे पंधरा-वीस मिनिटांत शिजतात. वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना १९७१ ची. त्यानंतरच्या दशकांत ब्रॉयलर भारतभर पसरला. सणावाराचा पक्षी आठवड्याच्या बाजाराचा झाला. वेग मिळाला, रस्स्याची खोली काहीशी गेली, हे गावरान खाणारा कोणीही सांगेल.

१७/
हा इतिहास हाताने करून पाहायचा असेल, तर कृती अशी. सहा लादी पाव तुकडे करून तव्यावर कोरडे, कडक करून ठेवावेत. अर्धा किलो बिनहाडाच्या कोंबडीला मीठ, मिरपूड आणि लसूण चोळावा. पसरट कढईत दोन चमचे तेल तापवून तुकडे दोन्ही बाजूंनी तांबूस करून काढून घ्यावेत. त्याच तेलात कांदा आणि कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या परताव्यात. सव्वा वाटी पाणी घालून तळाला चिकटलेला अर्क उलथन्याने खरवडावा. सारी चव तिथे असते. पाणी उकळले की पाव घालून हलके हलवावे, वर कोंबडी मांडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावे. जाड तुकडा कापल्यावर आत गुलाबी दिसू नये, रस स्वच्छ निघावा. गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. पावाऐवजी शिळ्या भाकरीचे तुकडे घेतले, तर पाणी थोडे वाढवावे.

१८/
झाकण उघडल्यावर जे दिसते, त्यात रोमन आचाऱ्याची मोकळी जागा आहे, अबुल फजलची अंडी आणि केशर नाही, आणि मराठवाड्याचे चुरून खाणे पुरेपूर आहे. सारण पोटातून बाहेर आले, याचा खरा अर्थ इतकाच की ते करणाऱ्या व्यक्तीचा वेळ कोणीतरी प्रथमच मोजला. राजाच्या मुदपाकखान्यात तूप तोलले गेले, केशर तोलले गेले. राबणाऱ्या हातांचा दिवस कोणी तोलला नाही.

१९/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांना म्हणून एक विनंती. आपल्या घरात येसर करणारी आजी, मावशी, आत्या असेल, तर तिच्याजवळ बसून प्रमाण लिहून घ्या : कोणते धान्य, किती भाजायचे, जात्यावर की गिरणीत, एका लग्नाला किती पायली. सोबत तिचे गाव आणि साल लिहा. सोमेश्वराने ओवी नोंदवली आणि ती नऊशे वर्षे टिकली. ओवी गात कांडलेल्या धान्याचे पुढे काय झाले, ते लिहिण्याचे काम अजून शिल्लक आहे.