जयपूरचे अठरा दिवस

दहावीतल्या एका मुलाने परवा विचारले, "सर, हँडबॉल खेळून पोट भरतं का?" हा पोरगा गोलरक्षक आहे. शाळेत धड मैदान नाही, पण चेंडू अडवताना तो सिमेंटवरही अंग टाकतो. क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण, एवढे मी त्याला सांगितले. मग २०२३च्या जून महिन्याची आठवण झाली. तो किस्सा सांगायचा तर थोडे मागे जावे लागते.

हँडबॉल मुळात उत्तर युरोपचा खेळ. जर्मनीत तो फुटबॉलच्या मैदानावर अकरा-अकरा जणांत खेळला जाई. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये त्याचा पहिल्यांदा समावेश झाला. फक्त सहा देश उतरले. अंतिम सामन्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला १०-६ने हरवले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली होती. म्हणजे हे दोन्ही खेळ एकाच वेळी एकाच शहरात जगासमोर आले. पुढे दोघांचे नशीब मात्र वेगळे निघाले.

हँडबॉल युद्धानंतर छपराखाली गेला. मैदान आखडून ४० बाय २० मीटर झाले, खेळाडू सात उरले आणि वेग वाढला. या रूपात तो १९७२ साली म्युनिकमध्ये ऑलिम्पिकला परतला. त्याच वर्षी भारतात हँडबॉल महासंघ स्थापन झाला. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हा खेळ आशियाडमध्ये प्रथमच आला, तोही आपल्याच देशात. तरी पुढची चाळीस वर्षे तो शाळा, विद्यापीठे, सेनादल आणि रेल्वे यांच्या कुंपणातच राहिला. खेळणारे हजारो होते, पण पाहणारे मूठभर.

कबड्डीला २०१४ साली प्रो कबड्डी लीग मिळाली आणि गावातले खेळाडू टीव्हीवर घरोघरी पोचले. हँडबॉलवाल्यांनाही तेच हवे होते. त्यांची प्रीमियर हँडबॉल लीग २०२०मध्ये व्हायची होती, ती कोरोनाने लांबवली. अखेर ८ जून २०२३ला जयपूरच्या सवाई मानसिंह इनडोअर स्टेडियममध्ये पहिला हंगाम सुरू झाला. संघ सहा होते : महाराष्ट्र आयर्नमेन, गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश, राजस्थान पॅट्रियट्स, तेलुगु टॅलन्स, दिल्ली पँझर्स आणि गर्वित गुजरात. प्रत्येक संघ इतर पाच संघांशी दोनदा भिडला, म्हणजे साखळीचे ३० सामने. वर दोन उपांत्य आणि एक अंतिम. अठरा दिवसांत ३३ सामने, सगळे एकाच शहरात.

तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, आणि त्यात सतत धाव. असा सामना एक-दोन दिवसांच्या अंतराने खेळायचा म्हणजे शरीराची परीक्षाच. परदेशी खेळाडूही होते. ज्यांच्या चाली आपली मुले मोबाइलवर पाहत, तशा खेळाडूंशी आता खांद्याला खांदा लागत होता. हे शिक्षण कुठल्याच शिबिरात मिळत नाही.

२५ जूनला अंतिम सामना झाला. महाराष्ट्राने उत्तर प्रदेशला ३८-२४ने हरवले. चौदा गोलांचा फरक! देशातल्या पहिल्या व्यावसायिक हँडबॉल लीगचा पहिला विजेता महाराष्ट्राचा संघ ठरला. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? माझ्या वर्गात एकालाही नव्हते. खुद्द त्या गोलरक्षकालाही नव्हते.

दोष मुलांचा नाही. आपण इतिहास शिकवतो तो लढायांचा आणि तहांचा. खेळांचा इतिहास क्रिकेटपाशी संपतो. ज्या विजयाची आठवण कुणी ठेवत नाही, त्याची कदर होत नाही, आणि कदर नसेल तर पैसाही येत नाही. एका हंगामाने खेळाडूची चूल वर्षभर पेटत नाही. त्यासाठी हंगामामागून हंगाम लागतात, गच्च भरलेल्या गॅलऱ्या लागतात.

त्या मुलाला मी खोटी आशा दिली नाही. पोट भरेलच असे म्हणालो नाही. ३८-२४ हा आकडा तेवढा फळ्यावर लिहिला आणि त्याची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर फळा पुसायला घेतला, तर तो म्हणाला, "सर, राहू द्या ना आजच्या दिवस."

राहू दिला.