स्वरनोंद व संपादन (संगीतनिर्मिती सॉफ्टवेअर)

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने किंवा कीबोर्डवर वाजवून स्वर भरणे आणि मग त्यांची जागा, लांबी, जोर व उंची बदलणे, या क्रियांना ही संज्ञा लागू होते. स्वर ‘पियानो रोल’वर भरतात. त्यात उंची उभ्या दिशेने आणि काळ आडव्या दिशेने मोजतात. हिंदुस्थानी संगीत या चौकटीत मावत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याची खरी परीक्षा भोपाळच्या ध्रुपदावर घ्यावी. तेथील ध्रुपद केंद्रात झिया फरीदुद्दीन डागर यांनी शिकवलेल्या आलापीचा जीव दोन स्वरांमधल्या वाटचालीत आहे.

आक्षेपाला आधार आहे. वाद्ये आणि सॉफ्टवेअर यांच्यात स्वरांची माहिती पाठवण्यासाठी 1983 साली आलेल्या मिडी पद्धतीत प्रत्येक स्वर 0 ते 127 यांपैकी एक क्रमांक असतो आणि सप्तकाचे बाराच भाग पडतात. दरबारी रागाचा आंदोलित गंधार या क्रमांकांत नाही. पण तो हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे लिपीतही नव्हता. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, दाखवायला तिथे स्वरांवर कमान येते; मींडेची गती गुरूकडूनच कळते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘पिच बेंड’च्या पट्टीवर तीच गती रेषेने काढावी लागते आणि त्या रेषेला 16,384 पायऱ्या असतात. अडचण बहुधा मूळ सेटिंगमध्ये असते. बेंडची कक्षा सहसा दोनच अर्धस्वर ठेवलेली असते, त्यामुळे षड्जावरून पंचमापर्यंतची सात अर्धस्वरांची मींड निघतच नाही. कक्षा बारा करावी, तीही सॉफ्टवेअर आणि वाद्य या दोन्हींकडे. शिवाय बेंड सबंध चॅनेलला लागू होतो; तानपुरा त्याच चॅनेलवर असेल तर मींडेबरोबर तोही घसरतो, म्हणून त्याला वेगळा ट्रॅक द्यावा.

काळाचेही तसेच. ‘क्वान्टाइझ’ केल्यावर स्वर जवळच्या रेषेवर सरकतात. चौतालाच्या पखवाजाला ते थोडे चालते; चार-चार मात्रांचे तीन बार धरले की बारा मात्रांचे आवर्तन पुरे होते. (सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दर तिसऱ्या बारनंतर येते, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही.) आलापात ताल नसतो, तिथे ग्रिड व क्लिक बंदच ठेवावे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा गायकाचा आवाज सरळ ध्वनिमुद्रित का करू नये? करावाच, आलाप भरण्यापेक्षा मुद्रित करणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र चाल बांधताना, साथ आखताना किंवा विद्यार्थ्याला मींडेचा आकार दाखवताना बदलता येणारी नोंद लागते. हाताने काढलेली मींड खोटी वाटते, हा आरोपही खरा आहे. मुद्रित आवाज शेजारच्या ट्रॅकवर ठेवून त्याच्या बरहुकूम रेषा काढली, तर तो खोटेपणा बराच कमी होतो. 2020 मध्ये जाहीर झालेल्या मिडी 2.0 मध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र बेंड देता येतो. मात्र त्यासाठी वाद्य आणि सॉफ्टवेअर दोन्ही त्या पद्धतीची असावी लागतात.