पाटाचं पाणी आणि बागेची पाळी

"आपल्या बागेचा इतिहास तुम्हीच लिहा," असं स्मरणिका समितीने सांगितलं. बागेचा इतिहास म्हणजे खरं तर पाण्याचा इतिहास. तो आपल्या पंचवीस वर्षांपेक्षा बराच जुना आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आपल्या हडपसर भागात बागायत वाढली ती खडकवासल्याच्या पाण्यावर. हे दगडी धरण १८७९ साली पूर्ण झालं. फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरवरून तलावाला 'लेक फाइफ' म्हणत. तिथून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे शहरातून हडपसर, लोणी करत दौंडच्या दिशेने जातो. कालव्याच्या दोन्ही अंगांना मग ऊस आणि भाजीपाला दिसू लागला.

पण पाणी आलं की भांडण येतंच. कुणाला, कधी आणि किती? कालव्यावर याचं उत्तर होतं शेजपाळी. म्हणजे चारीवरच्या शेतांना ठरलेल्या क्रमाने, शेजारामागून शेजाराला पाणी. पाटकरी येऊन दार उघडणार, पाळी संपली की बंद करणार. पुढे विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते १९०३ साली. त्यांचं दुसरं काम कमी लोकांना माहीत आहे. जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची 'ब्लॉक' पद्धत त्यांनी मांडली. गटातल्या ठरावीक भागातच ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं. पाणी थोड्यांच्या उसात जिरण्यापेक्षा जास्त गावांना पोचावं, हा हेतू.

हे वाचलं तेव्हा मला माझं आजोळ आठवलं. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमच्याकडे फड पद्धत होती. ती तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. बहुतेक प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. त्यामुळे झळ सगळ्यांना सारखी लागायची, कुणी एकटा बुडायचा नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे. माझे आजोबा म्हणायचे, "बंधारा दगडांनी नाही उभा राहत, गाळ काढणाऱ्या हातांनी राहतो."

आता आपल्या बागेकडे येऊ.

राहायला आलो तेव्हा बागेच्या जागी मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा होता. ट्रॉलीने काळी माती आणून टाकली. पहिली काही वर्षं माळीकाका पाइप धरून पाणी घालत. मग लॉन केलं आणि तुषार सिंचन बसवलं. कारंज्यासारखं पाणी उडायचं, मुलं त्याखाली भिजायची, फोटो निघायचे! पण वाऱ्याने निम्मं पाणी रस्त्यावर जायचं. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे खोलगट भागात दलदल व्हायची आणि डास. नीरा डाव्या कालव्यावर जादा पाण्याने चांगल्या जमिनी खारवट झाल्या होत्या. आपल्याकडे फक्त दोन कडुनिंब गेले, पण धडा तोच.

खरी परीक्षा २०१६ च्या उन्हाळ्यात झाली. पुण्यात दिवसाआड पाणी येत होतं, आपलं बोअर आचके देत होतं. "बाग कशाला पोसायची? काँक्रीट करा, वीस गाड्या लागतील," असा ठराव सभेपुढे आला. त्या सभेत आवाज बरेच चढले, हे आता सांगायला हरकत नाही. शेवटी ठराव पडला तो अवघ्या चार मतांनी. बागेच्या बाजूने मी फडाचीच गोष्ट मांडली होती. लॉनचे दोन हिस्से सोडून द्यायचे, एकच जगवायचा. झाडांना आणि कुंपणाच्या मेंदीला ठिबक. आणि 'ए', 'बी', 'सी' विंगने आठवड्याची पाळी घ्यायची.

ठिबकाचं तंत्र इस्रायलमध्ये वाढलं. सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ साली हात्झेरीमच्या किबुत्झमध्ये त्याचा कारखाना निघाला. आपल्याकडे जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षं यांनी ते घरोघरी माहीत केलं. पण विकणारा जे सांगत नाही ते माळीकाका सांगतात, "नळी बसवणं एक दिवसाचं, राखणं रोजचं."

आपल्या बोअरचं पाणी जड. ड्रीपरच्या बारीक भोकात क्षार बसतात आणि झाड गुपचूप वाळतं. म्हणून पाळीवाल्या विंगने करायची कामं इतकीच: रविवारी फिल्टरची जाळी धुणे, महिन्यातून एकदा नळ्यांची शेवटची बुचं काढून गढूळ पाणी वाहू देणे, खारीने कुरतडलेली नळी जोडणे. ड्रीपर तपासायला लिटरची बाटली पुरते. ताशी चार लिटरचा ड्रीपर पाव तासात ती भरतो. अर्धीच भरली तर तो तुंबलाय. क्षार काढायला आम्ल सोडावं लागतं, ते मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावं.

सुरुवातीला पाळीला बारा-पंधरा जण यायचे. आता बहुतेक रविवारी माळीकाका, 'सी' विंगच्या दोन वहिनी आणि मी. पलीकडच्या कोपऱ्यातली मेंदी वाळते आहे, आणि पार्किंगचा विषय या वार्षिक सभेत पुन्हा येणार असं कानावर आहे. यावा, चर्चा व्हावी. पण मत देण्याआधी प्रत्येक घराने एकदा तरी फिल्टरची जाळी आपल्या हाताने धुऊन बघावी, एवढीच विनंती. दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या रविवारी 'बी' विंगची पाळी, सकाळी साडेसातला, पंपाच्या खोलीपाशी. जुना टूथब्रश घेऊन या.