दर्याच्या तळाचे पाणी

तळवलीजवळची ठाण्याची खाडी अखेर अरबी समुद्रालाच मिळते. पावसाळ्यात त्या समुद्राच्या पोटात काय घडते, हे उकलण्याची सुरुवात मात्र दूरच्या बर्फात झाली.

१८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेच्या नान्सेन यांचे जहाज उत्तर ध्रुवाकडील बर्फात अडकून वाहत होते. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न जाता काहीसा उजवीकडे सरकतो, असे त्यांना आढळले. हा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम आहे, हे स्वीडनच्या एकमन यांनी १९०५ साली गणिताने मांडले.

हाच नियम आपल्या किनाऱ्यालाही लागू पडतो. पावसाळी वारा किनाऱ्यालगत वायव्येकडून वाहतो, तेव्हा वरचे पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे लोटले जाते. त्याची जागा तळाचे थंड पाणी घेते. केरळात हा प्रभाव अधिक असतो, उत्तरेकडे तो क्षीण होत जातो. या पाण्यातील नत्र व स्फुरद यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तारली, बांगडा यांचे पोषण होते.

परंतु या पाण्यात प्राणवायू अल्प असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले, की पावसाळ्याच्या उत्तरार्धात उथळ समुद्राच्या तळाशी तो जवळजवळ संपतो. जमिनीवरून वाहून येणारी खते हा तुटवडा वाढवीत असावीत, असेही त्यांनी सुचविले.

वारा आपल्या हाती नाही. खाडीत काय सोडावे, हे मात्र आपल्याच हाती आहे.