चित्र, टाचण आणि नमुना : मुधोळच्या वाटेवरून स्लाइडचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक स्लाइड दाखवीत विषय मांडण्याची जी पद्धत आज शाळा-महाविद्यालयांपासून जिल्हा कचेरीतील आढावा बैठकीपर्यंत सर्वत्र 'पीपीटी' या नावाने रूढ झाली आहे, ती संपूर्णपणे परदेशातून आली असा एक समज आहे. हा समज यंत्रापुरता खरा असला, तरी मांडणीपुरता तो टिकत नाही. या पद्धतीचे तीन घटक आहेत : श्रोत्यांसमोर धरायचे चित्र, बोलणाऱ्याने स्वतःच्या आधारासाठी केलेले मुद्द्यांचे टाचण, आणि आधीच ठरलेली चौकट, म्हणजे नमुना. हे तिन्ही घटक मराठी भाषकांच्या व्यवहारात शतकानुशतके वेगवेगळ्या हातांत होते, आणि ते एकाच यंत्रात एकत्र आले तेव्हा त्यांचे परस्परांशी असलेले नाते कसे बदलले, हा या लेखाचा विषय आहे.

हा इतिहास मुधोळच्या बाजूने पाहण्यास कारण आहे. हे मुधोळ म्हणजे घोरपड्यांच्या संस्थानाचे, आज कर्नाटकात असलेले मुधोळ नव्हे. हे गोदावरीकाठच्या बासरजवळचे, निजामी राजवटीत नांदेड जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण असलेले गाव होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, परंतु त्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे राहून आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली, आणि २०१६ साली तेलंगणाने नवे जिल्हे केल्यावर हा भाग निर्मल जिल्ह्यात आला. १८८४ साली फारसीच्या जागी आलेली सरकारी उर्दू, बाजारातली तेलुगू आणि घरातली मराठी अशा तीन भाषांत येथील माणूस वावरत आला. अर्ज एका भाषेच्या साच्यात करायचा, हिशेब दुसरीत सांगायचा आणि कीर्तन तिसरीत ऐकायचे, ही ज्या गावाची सवय, तेथे आशय आणि चौकट या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

चित्र दाखवून कथा सांगण्याच्या धंद्याचा जुना उल्लेख कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात येतो. तेथे चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्यास चित्रकथक म्हटले आहे. ज्या कल्याणीत हा ग्रंथ झाला ते आजचे बसवकल्याण, म्हणजे पुढे ज्या मुलखात मराठी, कन्नड आणि तेलुगू यांच्या सीमा एकमेकींत मिसळल्या त्याच मुलखातले गाव. मराठी प्रदेशात हा धंदा चित्रकथी या नावाने टिकला. त्याचे जिवंत केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी असून तेथील ठाकर समाजाने, सावंतवाडीच्या भोसल्यांच्या आश्रयाने, ही कला जतन केली. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. याच प्रकारची जी चित्रे पैठण येथे संग्राहकांच्या हाती लागली, ती 'पैठण चित्रे' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि त्यांचा मोठा संच पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे.

चित्रकथीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात, जरी तिच्यात वाचायचा मजकूर नसतो. सुमारे फूटभर उंचीच्या कागदावर एक प्रसंग रंगवलेला असतो, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि आरंभी गणपती व सरस्वती यांची चित्रे येऊन मग रामायण-महाभारतातील आख्यान उलगडत जाते. सांगणारा चित्र फळीला टेकवून उभे करतो, वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर त्या प्रसंगाचे निरूपण करतो, ते संपले की चित्र उलटतो किंवा बाजूला ठेवून पुढचे लावतो. चित्रांचा क्रम ठरलेला, पात्रांची ठेवण ठरलेली, बाजूने काढलेले चेहरे व मोठे डोळे ठरलेले; परंतु कोणत्या चित्रापाशी किती वेळ थांबायचे, कोणता प्रसंग वाढवायचा आणि कोठे गाण्यावर जायचे, हे सांगणाऱ्याच्या स्वाधीन असते.

मुधोळच्या दुसऱ्या अंगाला, तेलंगणात, याच कामाची निराळी तऱ्हा आढळते. सिद्दिपेटजवळच्या चेरियाल येथील नकाशी चित्रकार कापडाच्या लांबच लांब पटावर, लाल पार्श्वभूमीवर, आडव्या पट्ट्यांत कथा रंगवत आले आहेत, आणि गावोगाव फिरणारे कथेकरी तो पट हळूहळू उलगडीत विशिष्ट समाजांची कुळकथा सांगत आले आहेत. पट सलग असल्याने त्याचा क्रम मोडता येत नाही. पोथीतील पान मात्र गाळता येते, मागे घेता येते, पुन्हा दाखवता येते. चित्रपटाची रीळ आणि स्लाइड यांत जो भेद आहे तोच येथे, विजेच्या कित्येक शतके आधी, कापड आणि कागद यांत दिसतो. मुधोळ या दोन तऱ्हांच्या मध्ये येते; पैठणहून नांदेडवरून वाहत येणारी गोदावरी बासरजवळ तेलंगणात शिरते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

चित्र नसले तरी मांडणीचा आराखडा किती पक्का असू शकतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे नारदीय कीर्तन. त्याचे अंग ठरलेले आहे : आधी नमन, मग पूर्वरंग, ज्यात एखादा अभंग घेऊन त्याचे तात्त्विक विवेचन करायचे, मध्ये नामाचा गजर, नंतर उत्तररंग, ज्यात तोच सिद्धांत एखाद्या आख्यानाने सजवून दाखवायचा, आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगावर येऊन आरती. विषय प्रथम सांगावा, मग उलगडावा, मग दृष्टान्ताने ठसवावा आणि अखेर मुळाशी परत यावे, ही जी रीत आजच्या सादरीकरणाच्या वर्गांत नवी म्हणून शिकवली जाते, ती कीर्तनकाराच्या अंगवळणी पडलेली असते. बासरच्याच लोहमार्गावर पुढे उमरी लागते आणि त्या तालुक्यातील गोरटे येथे संतकवी दासगणू महाराज (१८६८–१९६२) यांचा मठ आहे. त्यांनी कीर्तनासाठी जी आख्याने रचली, ती दुसऱ्या कीर्तनकारांनाही वापरता येत. आख्यान तयार मिळाले तरी पूर्वरंग मात्र ज्याचा त्याने उभा करायचा असतो, आणि कीर्तनकाराची योग्यता तेथेच ठरते.

तिसऱ्या घटकाची, नमुन्याची, कुळकथा लेखणीच्या धंद्यात सापडते. कोणास कसे पत्र लिहावे, पित्यास कोणती बिरुदे, समानास कोणती, धन्यास कोणती, याचे नियम सांगणारी 'मेस्तके' मराठीत होती आणि त्यांचे कर्तृत्व परंपरेने यादवांचा प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे दिले जाते. पत्राच्या आरंभीच्या ठरीव मजकुराला मायना म्हणतात. अक्षर घटवण्यासाठी पुढ्यात ठेवलेल्या लेखनाला कित्ता. आणि पक्क्या लेखाआधीच्या कच्च्या मजकुराला खर्डा. यांतील नमुना हा शब्द फारसी, मायना व कित्ता मूळ अरबी. सुलेखनाच्या एका सुट्या पानाला असलेले नाव मराठीत येऊन मुलाने गिरवायचा कित्ता झाले. याउलट टाचण हा शब्द घरचा आहे. टाचणे म्हणजे कच्चे टाके घालणे. शिवण पक्की झाली की हे टाके काढून टाकायचे असतात. नमुना बाहेरून येतो आणि टाचण स्वतःचे असते, हा भेद भाषेने आपल्या शब्दांतच सांभाळून ठेवला आहे.

पडद्यावर प्रकाश पाडून चित्र दाखवण्याची युक्ती युरोपात सतराव्या शतकातली. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास असा दिवा बनवला आणि तो पुढे मॅजिक लँटर्न, म्हणजे जादूचा कंदील, या नावाने जगभर फिरला. मराठीत त्याला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. त्यांनी या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असे संस्कृत नाव दिले, १८९२ पासून त्याचे जाहीर प्रयोग केले आणि पुढे मुलांच्या साहाय्याने ते वर्षानुवर्षे चालवले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने बारीक रंगकाम करून रामायण-महाभारतातील प्रसंग उभे केले जात, काही ठिकाणी काचेवर काच सरकवून हालचालीचा भास निर्माण केला जाई, आणि पडद्याजवळ उभा राहून कथा सांगणारा, गाणारा माणूस हा खेळाचा प्राण असे. म्हणजे कागदाच्या पोथीची काचेची पोथी झाली, चित्रकथीची फळी जाऊन कापडी पडदा आला, पण शब्द अजूनही माणसाच्या तोंडीच राहिले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली आणि १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यानंतर या कंदिलाचे दिवस सरले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात पटवर्धनांना आज जेमतेम प्रस्तावनेची जागा मिळते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. सादरीकरणाच्या इतिहासात त्यांना मध्यभागी बसवावे लागेल.

शाळेने या तिन्ही घटकांचे आपापले कप्पे केले. भिंतीवर तक्ते आले. शिक्षकाने पाठापूर्वी उद्देश, साधने, प्रश्न आणि फलकलेखन यांची नोंद करून ठेवण्याला 'पाठ टाचण' हे नाव मिळाले. आणि विद्यार्थ्याला 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' असा प्रश्न दिला जाऊ लागला. हा प्रश्न साधा दिसतो, पण त्यातली दृष्टी मोलाची आहे. म्हातारा शेतकरी, आळशी मुले, शेतात पुरलेले धन, असे तुटक मुद्दे देऊन त्यांचे वाक्यांत, परिच्छेदांत रूपांतर करण्याची अपेक्षा असते, आणि मुद्दे जसेच्या तसे उतरवून ठेवणाऱ्यास गुण मिळत नाहीत. मुद्दा हा लेखनाचा आरंभ आहे, लेखन नव्हे, हे मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने लहानपणी या प्रश्नातूनच शिकलेले असते.

संगणकाने नेमकी येथे उलटापालट केली. १९८० च्या दशकात अमेरिकेत मुद्दे व उपमुद्दे यांचा उतरता आराखडा करून देणाऱ्या आज्ञावली निघाल्या; त्यांपैकी डेव्ह वायनर यांची १९८६ ची 'मोअर' ही आज्ञावली त्या आराखड्यावरून थेट दाखवण्याजोगे तक्ते तयार करी. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत घडवलेली, आरंभी 'प्रेझेंटर' असे नाव असलेली 'पॉवरपॉइंट' ही आज्ञावली एप्रिल १९८७ मध्ये बाजारात आली, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १.४ कोटी डॉलरना विकत घेतली. बोलणाऱ्याच्या खिशातले टाचण आता पडद्यावर गेले. जे टाके शिवणीनंतर काढायचे, तेच श्रोत्यांपुढे वस्त्र म्हणून आले. पुढे १९९० च्या दशकात 'ऑटोकंटेंट विझार्ड' नावाची सोय आली, जिच्यात विषयाचा प्रकार निवडला की मथळे आणि मुद्द्यांच्या जागा तयार मिळत. रंग आणि अक्षर यांचाच नमुना नव्हे, तर विचारांच्या क्रमाचाही नमुना विकत मिळू लागला. २००७ च्या आवृत्तीत ही सोय वगळली गेली, परंतु तिने लावलेली सवय मोडली नाही.

या सवयीचा धोका किती गंभीर असू शकतो, याची नोंद एका अपघाताच्या चौकशीत झाली आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान परतताना नष्ट होऊन कल्पना चावला यांच्यासह ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यान आकाशात असतानाच त्याच्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याविषयी अभियंत्यांनी जे सादरीकरण केले होते, त्यातील महत्त्वाची शंका एका स्लाइडवरच्या खालच्या पायरीच्या मुद्द्यात दडून गेली होती; आणि चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात तांत्रिक निबंधाऐवजी स्लाइडांवर विसंबण्याच्या प्रथेवर स्पष्ट ताशेरे ओढले.

मराठीत ही आज्ञावली रुळण्यास महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाला. गावोगावच्या वर्गांतून तरुणांनी आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी स्लाइड करण्याचे पहिले धडे तेथे घेतले. मात्र हाती आलेले नमुने रोमन लिपीसाठी आखलेले होते. देवनागरीत मोठी व छोटी अक्षरे असा भेद नाही, त्यामुळे संपूर्ण मोठ्या अक्षरांतील मथळ्याने साधणारा उठाव येथे साधत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा लागते, म्हणून रोमनसाठी ठरवलेल्या दोन ओळींमधल्या अंतरात मराठी ओळी एकमेकींवर चढतात. आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. कर्ता, कर्म, क्रियापद अशा क्रमाने चालणाऱ्या भाषेत क्रियापद शेवटी येते, आणि तुटक मुद्द्यांच्या नमुन्यात सर्वांत आधी गळते ते क्रियापदच; कोणी काय केले हे न सांगणारी नामांची उतरंड मग पडद्यावर उरते. मराठी स्लाइडचा हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो फाँट बदलून जात नाही.

बासरच्या सरस्वती मंदिरात महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्हींकडून आईबाप मुलांना अक्षराभ्यासासाठी, म्हणजे पहिले अक्षर गिरवण्याच्या संस्कारासाठी, आणतात. त्याच बासरला २००८ साली राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती संगणक आले. एका गावात पाटीवरचा कित्ता आणि पडद्यावरचा नमुना आज शेजारी नांदत आहेत. आदिलाबाद-निर्मलच्या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या शाळा अजूनही चालतात, आणि तेथील शिक्षकांना इंग्रजी, तेलुगू व मराठी या तिन्हींत वर्ग सांभाळावा लागतो. त्यांच्यासाठी मराठी लिपीच्या उंचीला पुरेशी जागा सोडणारे, एका स्लाइडवर एक चित्र आणि एक पूर्ण वाक्य मागणारे, आणि पूर्वरंग-उत्तररंगाच्या क्रमाने आखलेले नमुने कोणीतरी तयार करून मोफत उपलब्ध करून द्यावेत. हे काम अवघड नाही; त्यासाठी एक चांगला अक्षररचनाकार, एक अनुभवी शिक्षक आणि एक कीर्तनकार एकत्र बसले पाहिजेत.