थोडक्या जळणांतली ऊब

पौषाची थंडी पडूं लागली कीं आपल्या घरांतून एक ठराविक दृश्य दिसूं लागतें. आजोबा कानटोपी सांवरीत खिडकीची फट कोणीं उघडी टाकली याची चौकशी करीत असतात. आजी माळ्यावरच्या गोधड्या काढून त्यांना ऊन दाखविते. आणि तरुण मंडळी विजेचा हीटर लावून महिनाअखेरचें बिल हातीं येईपर्यंत निर्धास्त असते. या तिघांपैकीं शास्त्र कोणाच्या बाजूचें, असा प्रश्न मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं मात्र आपल्याला सव्वादोनशें वर्षांहून अधिक मागें, बव्हेरियाच्या राजधानींत, म्हणजे म्युनिक शहरीं जावें लागेल. थोडक्या जळणांत अधिक ऊब कशी मिळवावी, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाला ज्यानें आयुष्याचा मोठा भाग वाहिला, असा एक विलक्षण गृहस्थ त्या काळीं तेथें नांदत होता.

त्याचें नांव बेंजामिन टॉमसन. १७५३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. लहानपणींच बाप वारला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें इंग्रजांची बाजू घेतली, त्यांच्यासाठीं हेरगिरीहि केली, आणि पुढें बायको व तान्ही मुलगी मागें टाकून तो इंग्लंडला निघून गेला. तेथून बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरीं चाकरीस राहून त्यानें काउंट ही पदवी मिळविली, व पत्नीच्या गांवाचें जुनें नांव उचलून तो काउंट रम्फर्ड झाला. मनुष्य हुशार, पण गर्विष्ठ. स्नेह जोडण्यापेक्षां तोडण्यांत अधिक पटाईत. त्याचें चरित्र मुलांपुढें आदर्श म्हणून ठेवावें असें नाहीं. तथापि थंडीनें कांकडणाऱ्या गरिबांवर त्याचे उपकार आहेत, आणि ते नाकारतां येत नाहींत.

बव्हेरियाच्या फौजेची व्यवस्था त्याच्याकडे होती. शिपायाला थोडक्या पैशांत ऊबदार कपडा कसा देतां येईल, हा त्याच्यापुढचा प्रश्न. लोकर ऊबदार असते हें सर्वांस ठाऊक होतें; परंतु ती ऊबदार कां असते, हें कोणीं नीट पाहिलें नव्हतें. रम्फर्डनें एका कांचेच्या गोळ्याच्या मध्यभागीं उष्णतामापक बसविला आणि त्याच्या भोंवतींच्या पोकळींत आळीपाळीनें निरनिराळे पदार्थ भरले : कापूस, रेशीम, मेंढीची लोकर, सशाची लव. प्रत्येकाचें वजन सारखेंच, अवघें एक ग्रॅमच्या आसपास. गोळा उकळत्या पाण्यांत तापवावयाचा, मग बर्फांत बुडवावयाचा, आणि पारा ठराविक अंश खालीं येण्यास किती सेकंद लागतात तें मोजावयाचें. पोकळींत नुसती हवा असतां ५७६ सेकंद लागले. मेंढीची लोकर भरली तेव्हां १,११८ लागले. सशाची लव भरली तेव्हां १,३१५.

येथवर नवल नाहीं. खरें नवल पुढें आहे. कच्चें, मोकळें रेशीम भरलें तेव्हां १,२८४ सेकंद लागले. आणि तितक्याच वजनाचा, पण पीळ देऊन घट्ट केलेला शिवणाचा रेशमी दोरा भरला तेव्हां अवघे ९१७. पदार्थ तोच, वजन तेंच. मग ऊब कोठें गेली? रम्फर्डनें जाणलें कीं, ऊब राखण्याचें काम एकटा धागा करीत नाहीं. धाग्यांच्या जाळ्यांत अडकून निश्चल झालेली हवा तें काम करते. हवा मोकळी असली कीं ती फिरते, आणि फिरतां फिरतां उष्णता चोरून नेते. तिला जागच्या जागीं खिळवून ठेवा, म्हणजे तीच चोर पहारेकरी होते. या संशोधनाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७९२ सालीं त्याला आपलें कॉप्ले पदक दिलें.

श्रोतेहो, हें ऐकून आपल्यापैकीं कांहींना आपल्या गल्लींतून तांत वाजवीत जाणारा पिंजारी आठवला असेल. वर्षभर अंगाखालीं दबून गादींतला कापूस घट्ट होई, त्याच्या गांठी होत, आणि गादी थंड लागूं लागे. पिंजारी येई, आपल्या धनुकलीनें तोच कापूस पिंजून ढगासारखा फुलवी, आणि गादी पुन्हां ऊबदार होई. त्यानें नवा कापूस घातलेला नसे; घातलेली असे ती हवा. म्युनिकच्या प्रयोगशाळेंत कांचेच्या गोळ्यानें जें सिद्ध झालें, तें आमच्या ओटीवर पोटासाठीं राबणारा एक कारागीर हातानें करून दाखवीत होता. गोधडीचें मर्महि तेंच. जुनीं लुगडीं आणि धोतरें एकावर एक अंथरून त्यांवर धांवदोरा घातला, म्हणजे प्रत्येक दोन थरांच्या मध्यें हवेचा एक पातळ पापुद्रा कैद होतो. धनगराच्या काळ्या मेंढीच्या लोकरीचें, चिंचोक्याची खळ लावून विणलेलें घोंगडें अंगाला बोंचतें खरें. पण त्या खरखरीत केसांतच हवा दडून बसते. आणि मुळांत ऊब देणारें यंत्र पांघरूण नव्हे, तर आपलें शरीर. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारें शंभर वॅट उष्णता अखंड बाहेर टाकीत असतो. पांघरुणानें ती वायां जाऊं द्यावयाची नाहीं, इतकेंच.

आतां रम्फर्डच्या दुसऱ्या कामाकडे वळूं. त्या वेळीं म्युनिकमध्यें भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. १ जानेवारी १७९० रोजीं त्यानें शिपायांकरवीं शहरांतील भिकारी धरविले. परंतु त्यांना तुरुंग दाखविला नाहीं. त्यांच्यासाठीं एक मोठी इमारत सिद्ध केली होती. तींत स्वच्छ व ऊबदार दालनें, दुपारीं गरम जेवण, आणि फौजेचे कपडे बनविण्याचें मजुरीचें काम. लोकांना आधीं सद्गुण शिकवावेत म्हणजे ते सुखी होतील, असें उपदेशक म्हणत. रम्फर्डनें क्रम उलटा केला. आधीं ऊब आणि अन्न, मग शिकवण. याला दयेपेक्षां हिशेबाचें अंग अधिक होतें, असें कोणी म्हणेल. असेल. पण त्या हिशेबानें पुष्कळांचा हिवाळा सुसह्य झाला.

रोज हजाराहून अधिक माणसांचें जेवण रांधावयाचें म्हणजे लाकूड पुष्कळ लागणार. उघड्या चुलीवर भांड्याच्या बुडाला लागते त्यापेक्षां कितीतरी अधिक आंच इकडेतिकडे पसरते, हें पाहून त्यानें विटांच्या बांधकामांत चुली बंदिस्त केल्या. प्रत्येक भांड्याला वेगळा जाळ, आणि हवा कमीजास्त करण्यासाठीं झडप. जाळ भांड्यानें वेढला पाहिजे, हा त्यांतला सिद्धान्त. आपल्या वाड्यांतून एके काळीं न्हाणीघराबाहेर धुमसणारा तांब्याचा बंब आठवा : मधोमध जाळाची नळी आणि तिच्या भोंवतीं पाणी. चार ढलप्या आणि मूठभर कोळसे, एवढ्यांत घरादाराचीं स्नानें उरकत.

पुढें रम्फर्ड लंडनला आला, आणि तेथील श्रीमंतांचीं घरें पाहून थक्क झाला. दिवाणखान्यांत भली मोठी, खोल, चौकोनी अग्निकुंडें. त्यांवर माणूस सहज चढून जाईल एवढीं रुंद धुराडीं. कोळसा ढिगानें जळे, आणि माणसें कुडकुडत. कारण उघड होतें. तापलेली हवा धुराड्यांतून भराभर वर जाई, तिच्या जागीं दारांच्या फटींतून बाहेरची गार हवा ओढली जाई, आणि शेकोटीपुढें बसलेल्या गृहस्थाचें तोंड भाजे व पाठ गारठे. जितका मोठा जाळ, तितका मोठा गार वारा! पैसा जाळून थंडी विकत घेण्याचाच हा प्रकार.

१७९६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यानें उपाय सांगितला. कुंड उथळ करा. त्याच्या बाजूच्या भिंती सरळ न ठेवतां तिरप्या करा, आणि त्या लोखंडाच्या नकोत, विटांच्या किंवा दगडाच्या असोत. त्यांवर पांढरी सफेती द्या, म्हणजे जाळाचे किरण खोलींत फेंकले जातील. आणि धुराड्याचा गळा आवळून चार इंचांवर आणा. एक गवंडी आणि थोड्याशा विटा, एवढाच खर्च. लंडनमध्यें या सुधारणेची लाटच उसळली. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीची नायिका जुन्या मठांत प्राचीन, भव्य अग्निकुंड पाहण्याच्या आशेनें जाते, आणि तेथें 'रम्फर्ड' बसविलेला पाहून हिरमुसते.

यापुढील इतिहास विस्मरणाचा आहे. कोळसा स्वस्त झाला, मागाहून वीज आली, आणि माणसाऐवजीं सबंध खोली तापविण्याची चैन हीच सुखाची व्याख्या ठरली. हिशेब अगदीं साधा आहे. दोन हजार वॅटचा हीटर आठ तास अखंड चालला तर सोळा युनिट वीज जाते. शंभर वॅटचें विजेचें पांघरूण तितकाच वेळ वापरलें तर एक युनिटहि जात नाहीं. खिडकीच्या फटींत चिंधी कोंबणें, संध्याकाळीं ऊन उतरतांच जाड पडदे ओढणें, गार फरशीवर सतरंजी टाकणें, अंथरुणांत रबरी पिशवींतलें गरम पाणी घेणें, यांना तर जवळजवळ कांहींच खर्च नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. रम्फर्डनें धुराड्याचा गळा आवळला, पण बंद केला नाहीं. चार इंच ठेवले. काटकसर आणि अविचार यांच्यामधलें अंतर त्या चार इंचांचें आहे. कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, अशा वार्ता आजहि दर हिवाळ्यांत वाचावयास मिळतात. कोंदट न्हाणीघरांतील गॅसचा गीझरहि तसाच घात करतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाहीं, वास नाहीं. झोपेंतल्या माणसाला तो जागें करीत नाहीं. काश्मिरांत फेरनाच्या आंत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. थोडक्या कोळशांत ऊब देण्यांत तिचा हात कोणी धरणार नाहीं. पण वर्षानुवर्षें तिची आंच लागून पोटाच्या व मांडीच्या कातडीला कर्करोग होतो, हें डॉक्टरांनीं एकोणिसाव्या शतकांतच नोंदलें आहे.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या मुलांची. त्यांच्या शरीराची भट्टी मंद असते. नुसत्या पांघरुणावर त्यांचें भागत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं थंड हवेच्या प्रदेशांसाठीं घरांत निदान १८ अंश सेल्सिअस उष्णता असावी असें सुचविलें, आणि वृद्धांना, मुलांना व आजाऱ्यांना याहूनहि अधिक लागेल हें बजावलें. तेव्हां आजोबांच्या खोलींतला हीटर बिलाच्या भयानें बंद करणें ही काटकसर नव्हे. प्रथम ती खोली फटी बुजवून हीटरला योग्य करावी, आणि मग तो जरूर लावावा.

आरंभीच्या प्रश्नाचा निकाल आतां आपणच लावूं शकाल. खिडकीच्या फटीची चौकशी करणारे आजोबा आणि गोधडीला ऊन दाखविणारी आजी, दोघेंहि रम्फर्डच्याच पंथाचीं आहेत; त्याचें नांव त्यांनीं ऐकलें नसेल इतकेंच. मात्र घरांतील गोधड्या पुरेशा आहेत म्हणून समाधान मानण्यापूर्वीं, आपल्या जिन्याखालीं निजणाऱ्या रखवालदाराच्या अंगावर काय आहे, हेंहि आज रात्रीं एकदां पाहून यावें. म्युनिकच्या त्या गर्विष्ठ काउंटानें निदान तेवढें पाहिलें होतें.