उल्हास नदीच्या मुखावरचा वसई किल्ला : हातचा गेला, पण पोस्टाच्या तिकिटावर राहिला

बदलापूर : बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरची तहान भागवणारी उल्हास नदी कल्याणला पोहोचली की तिची खाडी होते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणीमार्गे आलेलं हे पाणी शेवटी वसईजवळ समुद्राला मिळतं. त्या मुखाच्या उत्तर काठावर वसईचा किल्ला उभा आहे. पुराच्या बातम्यांमुळे नदी सगळ्यांना ठाऊक आहे, पण हीच नदी एकेकाळी दोन राज्यांची सरहद्द होती, हे फारसं सांगितलं जात नाही.

किल्ला पोर्तुगीजांकडे कसा गेला?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्यावर मुघल बादशहा हुमायूनचं संकट होतं. पोर्तुगीजांशी वैर परवडणारं नव्हतं. म्हणून डिसेंबर १५३४ च्या तहात त्याने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यानंतर पोर्तुगीजांनी इथे बालेकिल्ला बांधला, पुढे सगळ्या वस्तीभोवती दहा बुरुजांची तटबंदी घातली. आत चर्च, मठ, इस्पितळ, वाडे असं अख्खं शहर वसलं. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. गोव्याखालोखाल त्यांचं या भागातलं मोठं ठाणं म्हणजे वसई. उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथूनच चाले.

वर कल्याण, खाली वसई

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. कल्याणच्या खाडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात इथल्या पाण्यात झाली. कल्याण, भिवंडी, पनवेल इथे गलबतं बांधली जात असल्याची नोंद १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. पोर्तुगीज कारागीरही या कामावर होते, ही बातमी लागताच वसईकर सावध झाले.

अडचण साधी होती. कल्याणला गलबत बांधलं तरी समुद्रात न्यायचं तर वसईची खाडी धरा नाहीतर ठाण्याची, दोन्हीकडे पहारा पोर्तुगीजांचाच. घोडबंदरचा किल्लाही त्यांचाच. म्हणजे नदीचा वरचा भाग स्वराज्यात आणि तोंड परक्याच्या हातात. ही कोंडी पुढे ८० वर्षं राहिली.

१७३९ चा वेढा

बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टीची मोहीम काढली. ठाणे हाती आल्यावर वसई एकटी पडली. फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा आवळला. दोन बाजूंना पाणी, एका बाजूला दलदल, त्यामुळे हल्ला करायला जमिनीकडची एकच अंगाची बाजू. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. काही सुरुंग दगा देऊन आपलीच माणसं गेली, तरी माघार घेतली नाही. अखेर बुरुजाला खिंडार पडलं आणि मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. दोन्हीकडची माणसं मोठ्या संख्येने पडली होती. तरीही शरण आलेल्यांना बायकामुलांसह, सामानासह सुखरूप जाऊ दिलं गेलं.

या विजयाच्या खुणा गावोगाव आहेत. भिवंडी तालुक्यातलं वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी वसईसाठी बोललेल्या नवसाचं, असं सांगितलं जातं. वसईच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली आणि भीमाशंकरची घंटा त्यातल्याच.

तिकिटाची गोष्ट

पोर्तुगीजांनी वसई गमावली १७३९ मध्ये. त्यानंतर २१७ वर्षांनी, म्हणजे १९५६ मध्ये, गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारने आपल्या टपालासाठी जुन्या किल्ल्यांच्या नकाशांची तिकिटं काढली. त्यात दमण, दीवबरोबर वसईचाही नकाशा छापला. चित्र होतं १६३५ च्या सुमाराचं, पेद्रो बारेतो दे रेझेंदे याने काढलेलं. तटबंदी, बुरुज आणि शेजारचं पाणी त्यात दिसतं.

वेळ बघितली की अर्थ कळतो. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. दादरा-नगर हवेली १९५४ मध्येच हातून गेली होती. वसई तर तेव्हा मुंबई राज्यातल्या ठाणे जिल्ह्यात होती. म्हणजे हातात नसलेला किल्ला तिकिटावर छापून जुना हक्क मिरवायचा प्रकार. पाच वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवाही मुक्त झाला.

भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये किल्ल्यांची तिकिटं काढली, त्यात महाराष्ट्राचा सिंहगड होता.

नंतर काय झालं?

१७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईतच. त्या कागदाने पेशवाई इंग्रजांच्या फौजेवर अवलंबून राहिली आणि १८१८ मध्ये संपली. ज्या गावी मराठ्यांचा मोठा विजय झाला, तिथेच ६३ वर्षांनी स्वातंत्र्य गहाण पडलं.

आज बघायचं तर

किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दिव्याहून वसई रोडची गाडी मिळते, स्टेशनहून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा असतात. तटावर झाडांची मुळं शिरली आहेत, चर्चची छपरं गेली आहेत. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात वसई नाही आणि दुर्गाडीही नाही. त्यामुळे जपणूक ही जास्त करून इथे येणाऱ्यांच्याच हातात आहे. भिंतीवर नावं कोरू नयेत, कचरा टाकू नये. आणि नदीचंही तेच. बदलापूर-उल्हासनगरला पाण्यात टाकलेलं प्लास्टिक भरती-ओहोटीबरोबर शेवटी याच तटाला जाऊन लागतं.